राउटर-राउटरमधल्या लिंकला वेगळा आयपी कशाला? एकच आयपी सगळ्या पोर्टना वाटून देण्याची पूर्ण पद्धत

लहान आयएसपीत, म्हंजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीत, काम करणाऱ्या कुणालाही विचारा, आयपीची एक्सेल शीट उघडली की अर्धी पानं स्लॅश ३० नीच, म्हंजे चार-चार आयपींच्या ब्लॉकनीच, भरलेली असतात. या टॉवरपासून त्या टॉवरपर्यंत एक स्लॅश ३०, पीओपीपासून, म्हंजे आपल्या मुख्य केंद्रापासून, गावातल्या नोडपर्यंत एक, बँकेच्या शाखेला लीज लाइन (फक्त त्यांच्यासाठीची लाइन) दिली की अजून एक. प्रत्येक स्लॅश ३० मधे चार आयपी जातात, कामाचे त्यातले दोनच, एक नेटवर्कचा आणि एक ब्रॉडकास्टचा, म्हंजे ते दोन असेच वाया. आणि हे सगळं कशासाठी, तर फक्त दोन टोकं असलेल्या वायरसाठी, जिच्यात इकडून टाकलेलं पॅकेट तिकडेच जाणार आहे, तिसरीकडे जायला जागाच नाही.

पब्लिक आयपीच्या बाबतीत हे आता परवडत नाही. आयएएनए, म्हंजे जगभरचे आयपी वाटणारी संस्था, तिचा साठा फेब्रुवारी २०११ मधे संपला, आशिया-पॅसिफिकला आयपी वाटणाऱ्या एपनिकने त्याच वर्षी एप्रिलपासून शेवटच्या ब्लॉकमधून मोजूनमापून द्यायला सुरुवात केली आणि २०१९ पासून नव्या मेंबरला जास्तीत जास्त स्लॅश २३ मिळतो, म्हंजे ५१२ आयपी. आपल्याकडे आयआरआयएनएन या भारतातल्या रजिस्ट्रीकडून घेतलं तरी हिशोब तोच. आता ४० लीज लाइन कस्टमर धरा, प्रत्येकाला स्लॅश ३० दिला तर १६० आयपी गेले, पाचशे बारामधले! कस्टमरला वापरायला मिळालेले त्यातले फक्त ४०.

यावरचा उपाय जुना आहे, चांगला चालतो, आणि तरी आपल्याकडे बरेच जण त्याला हात लावायला घाबरतात, कारण पहिल्यांदा लावताना एखादी गोष्ट राहून जाते, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते आपोआप शिकवतात तो प्रोटोकॉल) वर येतो पण ट्रॅफिक जात नाही, मग रात्री दोनला सगळं परत स्लॅश ३० वर आणून ठेवतात आणि पुन्हा नाव काढत नाहीत. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. सिस्को, मायक्रोटिक आणि लिनक्स तिन्हीवर कसं करायचं ते बघू. कमांड मी बोलतो तशा लिहिल्यात, राउटरवर टाइप करताना अर्थातच इंग्लिश स्पेलिंगने टाका.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या

इंटरफेसला आयपी लागतो कशाला? दोन कामांसाठी. एक, राउटर स्वतः जे पॅकेट तयार करतो, म्हंजे ओएसपीएफचा हॅलो, पिंगचं उत्तर, ट्रेसराउटचं टाइम एक्सीडेड, त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता काहीतरी टाकावा लागतो. दुसरं, इथरनेटवर समोरच्याचा मॅक, म्हंजे हार्डवेअरचा पत्ता, आयपीवरून शोधायला एआरपी लागतो आणि एआरपी आयपीवरच चालतो. बस. दुसऱ्याचं पॅकेट नुसतं पुढे ढकलायला त्या पोर्टला स्वतःचा आयपी लागत नाही.

मग राउटरवर आधीच असलेला एखादा आयपी उसना घेतला तर? हेच ते आयपी अननंबर्ड. पोर्टला स्वतःचा नंबर नाही, तो लूपबॅकचा, म्हंजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअर इंटरफेसचा, नंबर वापरतो, आणि एकाच राउटरचे दहा पोर्ट एकाच लूपबॅकचा नंबर वापरू शकतात. आरएफसी १८१२ मधे, म्हंजे १९९५ च्या कागदात, याचं स्पष्टीकरण फार सुंदर दिलंय, की अशा लिंकने जोडलेले दोन राउटर हे दोन राउटर नाहीतच, ते एकाच मोठ्या राउटरचे दोन अर्धे भाग समजा आणि मधली वायर ही त्याच्या पोटातली वायर. हे चित्र डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण पोटातल्या वायरला कोण आयपी देतं?

कुठे करायचं आणि कुठे नाही

लिंक खरोखर दोन टोकांचीच पाहिजे. थेट फायबर, सिरीयल, पीपीपी, जीआरई टनेल, किंवा एका कस्टमरचं एक व्हीलॅन (स्विचमधला वेगळा आभासी लॅन). मधे स्विच असेल आणि त्याच व्हीलॅनमधे तिसरं कुणीतरी बसलं असेल तर इथे हात लावू नका. वायरलेस ब्रिज चालतो, पण तो पॉइंट-टू-पॉइंटच आहे ना, एका सेक्टरवर चार स्टेशन नाहीत ना, हे स्वतः रेडिओत लॉगिन करून बघा, कुणीतरी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

दुसऱ्या प्रोव्हायडरबरोबर किंवा एक्स्चेंजवर बीजीपी (वेगवेगळ्या नेटवर्कमधला राउटिंग प्रोटोकॉल) करताय तिथेही नको, तिथे समोरचा जो आयपी देईल तोच लावा. आणि तुमच्याकडे लिंकच्या प्रत्येक टोकाला पिंग करून आलार्म देणारी मॉनिटरिंग असेल आणि ती बदलायची तयारी नसेल, तर स्लॅश ३१ वापरा. डिसेंबर २००० च्या आरएफसी ३०२१ पासून तो अधिकृत आहे, दोनच आयपी जातात. सिस्कोवर इथरनेटला स्लॅश ३१ दिला की एक वॉर्निंग येते, जपून वापरा म्हणून, लिंक दोन टोकांचीच असेल तर घाबरायचं कारण नाही.

आता एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. आतल्या लिंकना तुम्ही १०.० चेच प्रायव्हेट आयपी वापरताय तर आयपी वाचण्याचा फायदा तिथे जवळजवळ नाही, प्रायव्हेट पुष्कळ आहेत. तिथला फायदा वेगळा. ६० लिंक असतील तर राउटिंग टेबलमधून ६० फालतू रूट कमी होतात, नवीन लिंक जोडताना शीटमधे रिकामा ब्लॉक शोधावा लागत नाही, आणि दोन टोकांना चुकून वेगळा मास्क किंवा दोन लिंकना एकच ब्लॉक हा जो नेहमीचा घोळ असतो तो मुळातच बंद होतो. मला स्वतःला हा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो, कारण फॉल्ट शोधायला जाणारा वेळ आयपीपेक्षा महाग आहे.

उदाहरणासाठी नेटवर्क

तीन राउटरची रिंग घेऊ. आर१ पीओपीवर, आर२ गावातल्या नोडवर, आर३ टेकडीवरच्या टॉवरवर. आर१ ते आर२, आर२ ते आर३, आर३ ते आर१ अशा तीन लिंक. आर२ च्या मागे १९२.१६८.२०.० स्लॅश २४ आणि आर३ च्या मागे १९२.१६८.३०.० स्लॅश २४. लूपबॅक अनुक्रमे १०.२५५.०.१, १०.२५५.०.२ आणि १०.२५५.०.३, तिन्ही स्लॅश ३२, म्हंजे एकेकटा आयपी.

पायरी १: लूपबॅक

उसना आयपी कुणाकडून घ्यायचा हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा. कमांड कुठल्याही इंटरफेसकडून घेऊ देते, लॅनच्या पोर्टकडूनही. पण तो लॅनचा पोर्ट डाऊन झाला, कुणी केबल काढली, स्विच बंद पडला, तर उसना घेणाऱ्या सगळ्या लिंक गोत्यात येतात. लूपबॅक हा सॉफ्टवेअरमधला इंटरफेस आहे, तो आपण बंद केल्याशिवाय पडत नाही. म्हणून नेहमी लूपबॅक, अपवाद करू नका.

सिस्कोवर आर१:

इंटरफेस लूपबॅक ०
आयपी ॲड्रेस १०.२५५.०.१ २५५.२५५.२५५.२५५

पायरी २: सिस्कोवर पोर्टला उसना आयपी

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१
डिस्क्रिप्शन आर२ कडे, गावातला नोड
आयपी अननंबर्ड लूपबॅक ०
नो शटडाऊन

०/२ ला पण हेच, फक्त डिस्क्रिप्शन आर३ कडे. आर२ आणि आर३ वर त्यांच्या त्यांच्या लूपबॅकने असंच.

डिस्क्रिप्शन लिहायचा कंटाळा करू नका. आधी आयपीवरून कळायचं की हा पोर्ट कुठे जातो, आता सगळ्या पोर्टना एकच आयपी दिसणार, त्यामुळे डिस्क्रिप्शन हीच ओळख.

जुन्या आयओएसवर इथरनेटला ही कमांड दिली तर 'पॉइंट-टू-पॉइंट, नॉन-मल्टी-ॲक्सेस इंटरफेसेस ओन्ली' असं सांगून नाकारली जाते. म्हंजे त्या बॉक्सवर फक्त सिरीयल, पीपीपी, टनेल यांच्यावरच होईल, इथरनेटसाठी नवीन सॉफ्टवेअर लागेल किंवा सरळ स्लॅश ३१ लावा. नेक्ससवर आधी पोर्टला 'नो स्विचपोर्ट', मग 'मीडियम पीटूपी' द्यायचं आणि त्यानंतर अननंबर्ड, हा क्रम चुकला की तो घेत नाही.

तपासायला 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ' मारा, तीन ओळीत १०.२५५.०.१ दिसेल, ते बरोबरच आहे, डुप्लिकेट आयपी झाला म्हणून दचकू नका. एका पोर्टचा पूर्ण 'शो आयपी इंटरफेस' बघितला तर इंटरफेस इज अननंबर्ड, यूझिंग ॲड्रेस ऑफ लूपबॅक ० असं स्पष्ट लिहून येतं.

इथे थांबून आर२ च्या लूपबॅकला पिंग मारू नका, लागणार नाही. बरेच जण इथेच म्हणतात की चालत नाही. अहो, आर१ ला अजून माहितच नाही की १०.२५५.०.२ कुठल्या पोर्टला आहे. स्लॅश ३० मधे कनेक्टेड रूट आपोआप मिळायचा, इथे कनेक्टेड नेटवर्क असं काही नाहीच, सगळं राउटिंगनेच शिकवायला लागतं.

पायरी ३: राउटिंग शिकवा

स्टॅटिकने, म्हंजे हाताने रूट लिहून, करायचं असेल तर नेक्स्ट हॉपबरोबर (पुढच्या राउटरचा पत्ता) बाहेर पडायचा पोर्टही सांगावा लागतो. सिरीयल किंवा पीपीपीवर नुसता पोर्ट दिला तरी चालतं, कारण तिथे मॅक शोधायची भानगड नाही. पण इथरनेटवर नुसता पोर्ट दिलात तर राउटर प्रत्येक डेस्टिनेशनसाठी वेगळा एआरपी करतो, समोर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने एआरपीला उत्तर देणं) चालू असेल तर ते चालल्यासारखं दिसतं, एआरपी टेबल फुगत जातं, आणि एक दिवस डिफॉल्ट रूटवर हे केलेलं असेल तर राउटर लोळतो. त्यामुळे इथरनेटवर पोर्ट आणि नेक्स्ट हॉप दोन्ही द्या.

पण रिंग असेल तर स्टॅटिकच्या मागे लागूच नका, ओएसपीएफ लावा:

राउटर ओएसपीएफ १
राउटर-आयडी १०.२५५.०.१

इंटरफेस लूपबॅक ०
आयपी ओएसपीएफ १ एरिया ०

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/१
आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट
आयपी ओएसपीएफ १ एरिया ०

तो पॉइंट-टू-पॉइंटचा शब्द म्हंजे या सगळ्याचा प्राण आहे. इथरनेटला ओएसपीएफ मुळात ब्रॉडकास्ट समजतो, मग डीआर-बीडीआरची, म्हंजे मुख्य आणि राखीव राउटरची, निवडणूक करतो आणि हॅलोमधला मास्क जुळतो का, पाठवणारा माझ्याच सबनेटमधला आहे का, हे तपासतो. आपल्याकडे दोन्ही टोकं स्लॅश ३२, सबनेट जुळणं शक्यच नाही. पॉइंट-टू-पॉइंट केलं की स्टँडर्डप्रमाणे मास्क बघायचाच नसतो, निवडणूकही नाही, आणि ओएसपीएफची सगळी पॅकेट २२४.०.०.५ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात, म्हणून समोरच्याचा एआरपी न होताही शेजारीपण जुळून जातं. कोंबडी आधी की अंडं आधी हा प्रश्न इथे असा सुटतो.

एरिया इंटरफेसखाली लिहिला त्यालाही कारण आहे. जुन्या पद्धतीने 'नेटवर्क' ओळीने लिहिलं तर लूपबॅकच्या आयपीला लागू झालेला एरिया त्याचा आयपी उसना घेणाऱ्या सगळ्या पोर्टनाही लागू होतो, म्हंजे जो पोर्ट ओएसपीएफमधे नको होता तोही आत येतो. इंटरफेसखाली लिहिलं की जिथे पाहिजे तिथेच.

'शो आयपी ओएसपीएफ नेबर' मधे फुल (शेजारीपण पूर्ण जुळलं) आणि त्याच्यापुढे डीआरच्या जागी नुसता डॅश दिसला पाहिजे. 'शो आयपी रूट' मधे १९२.१६८.२०.० हा व्हाया १०.२५५.०.२, गिगाबिटइथरनेट ०/१ असा दिसेल. आता मारा पिंग. आणि पिंग मारताना सोर्स लूपबॅक द्या, ती सवय लावूनच घ्या.

मायक्रोटिकवर

आपल्याकडच्या लहान आयएसपींत मायक्रोटिकच जास्त, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेतो. मायक्रोटिकमधे अननंबर्ड अशी कमांड आयपी ॲड्रेसखाली नाही, पण त्याच कामाची वेगळी युक्ती आहे: ॲड्रेस स्वतःचा स्लॅश ३२ द्यायचा आणि नेटवर्कच्या रकान्यात समोरच्याचा आयपी लिहायचा. आर१ वर:

आयपी ॲड्रेस ॲड, ॲड्रेस=१०.२५५.०.१/३२ नेटवर्क=१०.२५५.०.२ इंटरफेस=इथर१
आयपी ॲड्रेस ॲड, ॲड्रेस=१०.२५५.०.१/३२ नेटवर्क=१०.२५५.०.३ इंटरफेस=इथर२

समोर आर२ वर उलटं, ॲड्रेस १०.२५५.०.२/३२ आणि नेटवर्क १०.२५५.०.१. एवढं केलं की समोरच्याचा स्लॅश ३२ कनेक्टेड रूट म्हणून टेबलमधे येतो आणि पिंग लगेच लागतो. सिस्कोपेक्षा सोपं वाटतं ना? पण याच सोयीत एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलेलो आहे.

रिंगमधे आर१ ते आर२ फायबर मधेच तुटलं. दोन्ही बाजूला मीडिया कन्व्हर्टर, त्यामुळे राउटरचे इथर पोर्ट काही डाऊन झाले नाहीत, लाइट चालूच. ओएसपीएफने ४० सेकंदात शेजारी मेला म्हणून ओळखलं, आर२ च्या मागची लॅन आर३ कडून फिरून यायला लागली, कस्टमर चालू. पण आर२ चा लूपबॅक स्वतः आर१ वरून लागेना! कारण १०.२५५.०.२ साठी आर१ कडे कनेक्टेड रूट आहे, डिस्टन्स शून्य, त्याच्यापुढे ओएसपीएफच्या ११० ला कोण विचारतो, पॅकेट तुटलेल्या फायबरवरच जात राहिलं. आर२ मधे लॉगिन नाही, लूपबॅकवरचा आयबीजीपी (आपल्याच राउटरमधला बीजीपी) पण पडला. बीएफडी (लिंक मेली हे झटकन ओळखणारा प्रोटोकॉल) लावलं तरी हा कनेक्टेड रूट हटत नाही, कारण तो पोर्टच्या लाइटवर अवलंबून आहे.

त्यानंतर मी मायक्रोटिकवर नेहमी दोन आयपी ठेवतो. लूपबॅकचा १०.२५५.०.२ हा फक्त लॉगिन, राउटर आयडी आणि बीजीपीसाठी, आणि १०.२५४.०.२ हा सगळ्या लिंकना वाटायला. लिंक पोर्ट अर्धवट मेला तर १०.२५४ चा पत्ता लागणार नाही, लागू नये, पण लूपबॅक रिंगच्या दुसऱ्या बाजूने लागतो. प्रत्येक राउटरमागे एकच जादा आयपी, तोही प्रायव्हेट. वरच्या दोन ओळी म्हणून तुम्ही १०.२५४ च्याच टाका, आणि १०.२५५ चा एका रिकाम्या ब्रिजवर लूपबॅक म्हणून ठेवा. सिस्कोच्या अननंबर्डला ही अडचण नाही, तो कनेक्टेड रूट बनवतच नाही.

ओएसपीएफसाठी राउटरओएस ७ मधे इंटरफेस-टेम्प्लेट ॲड करताना टाइप=पीटीपी द्या. समोर सिस्को अननंबर्ड असेल तर मात्र टाइप=पीटीपी-अननंबर्ड, हा प्रकार त्याच्यासाठीच दिलाय. हे का लागतं ते खाली फॉल्टच्या भागात येईल.

चाळीस कस्टमर, एकेचाळीस आयपी

हीच युक्ती लीज लाइन कस्टमरसाठी वापरली की सुरुवातीचा १६० चा हिशोब कसा बदलतो बघा. उदाहरणाला २०३.०.११३ चा ब्लॉक घेतो, हा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, तुमचा तुम्ही टाका. पीओपीवर २०३.०.११३.१ हा एकच गेटवे, तो सगळ्या कस्टमरच्या व्हीलॅनना:

ॲड्रेस=२०३.०.११३.१/३२ नेटवर्क=२०३.०.११३.१० इंटरफेस=व्हीलॅन११०
ॲड्रेस=२०३.०.११३.१/३२ नेटवर्क=२०३.०.११३.११ इंटरफेस=व्हीलॅन१११

कस्टमरच्या राउटरवर ॲड्रेस=२०३.०.११३.१०/३२, नेटवर्क=२०३.०.११३.१, आणि डिफॉल्ट रूटचा गेटवे २०३.०.११३.१. झालं. चाळीस कस्टमरला चाळीस आणि गेटवेचा एक. ११९ आयपी हातात उरले, म्हंजे आणखी ११९ कस्टमर.

एक अडचण येते. काही कस्टमरकडे असा फायरवॉल किंवा स्वस्तातला राउटर असतो की तो स्लॅश ३२ मास्क घेतच नाही किंवा गेटवे माझ्या सबनेटमधे नाही म्हणून सेव्ह करू देत नाही. त्याच्याशी भांडत बसू नका, त्या एकाला स्लॅश ३० द्या आणि पुढे चला. आणि पीओपी दोन असतील तर या स्लॅश ३२ ओएसपीएफमधे रीडिस्ट्रिब्यूट करायला विसरू नका, नाहीतर एका पीओपीचा कस्टमर दुसऱ्याला दिसणार नाही. बाहेर बीजीपीत मात्र पूर्ण ब्लॉकच जाहीर करा.

लिनक्स आणि एफआरआर

लॅब करायची असेल तर हे सगळ्यात बेस्ट, तीन व्हर्च्युअल मशीनमधे फुकटात होतं. आधी सिसकंट्रोलने नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड १ करा. मग लूपबॅकला आणि दोन्ही पोर्टना तोच पत्ता:

आयपी ॲड्रेस ॲड १०.२५५.०.१/३२ डेव्ह एलओ
आयपी ॲड्रेस ॲड १०.२५५.०.१/३२ डेव्ह इथ१
आयपी ॲड्रेस ॲड १०.२५५.०.१/३२ डेव्ह इथ२

इथे 'पीअर' लिहू नका. पीअर लिहिलं की मायक्रोटिकसारखाच कनेक्टेड रूट बनतो आणि तोच खड्डा. नुसता स्लॅश ३२ ठेवला की एफआरआर, म्हंजे लिनक्सवरचं राउटिंग सॉफ्टवेअर, स्वतः ओळखतो की हा अननंबर्ड आहे, आणि कर्नलमधे रूट घालताना शेवटी 'ऑनलिंक' असा शब्द जोडतो. त्याचा अर्थ, हा नेक्स्ट हॉप कुठल्या सबनेटमधे आहे ते शोधू नकोस, याच वायरवर आहे असं समज आणि एआरपी कर. एफआरआरमधे प्रत्येक पोर्टखाली आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट आणि आयपी ओएसपीएफ एरिया ०, लूपबॅकलाही एरिया ०. स्टॅटिक हाताने लिहिताना ऑनलिंक तुम्हाला जोडावं लागेल: आयपी रूट ॲड १९२.१६८.२०.०/२४ व्हाया १०.२५५.०.२ डेव्ह इथ१ ऑनलिंक.

आरपी_फिल्टर नक्की तपासा. काही डिस्ट्रोत तो १ असतो, म्हंजे कडक. पॅकेट ज्या पोर्टवरून आलं त्याच पोर्टने परतीचा सगळ्यात चांगला रस्ता नसेल तर पॅकेट गुपचूप फेकून देतो, आणि एआरपीच्या विनंतीलाही हीच चाळणी लागते. रिंगमधे कॉस्ट (ओएसपीएफमधली रस्त्याची किंमत) वेगवेगळी ठेवली की शेजाऱ्याकडे जायचा रस्ता दुसरीकडूनच असू शकतो, मग शेजारी फुल दिसतो आणि ट्रॅफिक मेलेला. त्याला २ करा. आणि 'ऑल' ची आणि पोर्टची किंमत यातली जी मोठी तीच लागू होते, म्हणून ऑल १ असताना पोर्टला ० करून काहीच फरक पडत नाही, यात लोकांचे तास गेलेत.

फॉल्ट कुठे शोधायचा

नेबर फुल आहे पण रूट टेबलमधे नाही. हा सगळ्यात फसवा. कारण बहुतेक वेळा एकच: एका टोकाला अननंबर्ड आणि दुसऱ्या टोकाला अजून स्लॅश ३०. ओएसपीएफ प्रत्येक लिंकची नोंद डेटाबेसमधे करतो, त्यात लिंक डेटा नावाचा रकाना असतो. नंबर असलेला पोर्ट तिथे आपला आयपी लिहितो आणि अननंबर्ड पोर्ट तिथे पोर्टचा इंडेक्स नंबर लिहितो, जो ०.०.०.४ असा काहीतरी दिसतो. दोन टोकांच्या नोंदी एकमेकींना जुळल्या नाहीत की राउटर म्हणतो ही लिंक दोन्ही बाजूंनी सिद्ध होत नाही, आणि तिच्यापलीकडचं सगळं सोडून देतो. 'शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर' मधे 'ॲडव्ह राउटर इज नॉट-रीचेबल' दिसलं की समजायचं हेच. शेजारीपण जुळलंय म्हणून आपण भलतीकडेच शोधत बसतो, मी एकदा पूर्ण रात्र फायरवॉलचे नियम तपासत घालवली होती. म्हणून नियम असा की दोन्ही टोकं एकाच पद्धतीची, आणि मायक्रोटिकमधला पीटीपी-अननंबर्ड याच कारणासाठी.

शेजारीपण एक्सस्टार्टमधे (फुलच्या आधीची एक पायरी) अडकलं तर अननंबर्डचा दोष नाही, दोन्ही टोकांचा एमटीयू (सगळ्यात मोठ्या पॅकेटचा आकार) जुळवा. राउटरवरून पिंग लागतो पण लॅनमधून लागत नाही तर परतीचा रूट बघा.

ट्रेसराउटमधे आता पोर्ट ओळखता येणार नाही, प्रत्येक हॉपला लूपबॅकच दिसेल. आर१ ते आर२ मधे दोन समांतर फायबर असतील तर ट्रॅफिक कुठल्या फायबरने गेला हे ट्रेसराउट सांगू शकत नाही. ही खरी किंमत आहे या पद्धतीची, ती मान्य करूनच लावा. २०१० च्या आरएफसी ५८३७ मधे पोर्टचं नाव ट्रेसराउटच्या उत्तरात पाठवायची सोय आहे, पण सगळ्या बॉक्सवर ती चालू असेल असं धरू नका. मॉनिटरिंग पिंगवरून एसएनएमपीवर (राउटरकडून आकडे वाचायचा प्रोटोकॉल) न्या, पोर्टचं स्टेटस, एररचे आकडे आणि ओएसपीएफ नेबरची संख्या बघा. तसंही पिंग लागतो म्हंजे लिंक बरी आहे असं कुठे असतं, एरर वाढताना पिंग लागतच असतो.

चालू नेटवर्कवर कसं बदलायचं

दिवसा करू नका, आणि रिंगच्या तिन्ही लिंक एका रात्रीत करू नका. एका रात्री एक.

आर१ ते आर२ घेऊ. आधी तिन्ही राउटरवर लूपबॅक टाका आणि ओएसपीएफमधे आणा, हे चालू ट्रॅफिकला धक्का न लावता होतं. मग आर१-आर२ लिंकची कॉस्ट दोन्ही टोकांना भरपूर वाढवा म्हंजे ट्रॅफिक टेकडीवरून फिरून जायला लागेल, पोर्टवरचा ग्राफ खाली आला की नाही डोळ्याने बघा. आता आर२ मधे लॉगिन करा ते त्याच्या लूपबॅकवर, आर३ कडूनच्या रस्त्याने, लिंकच्या आयपीवर नाही. लिंकच्या आयपीवर लॉगिन करून तोच आयपी काढलात तर फांदीवर बसून फांदी तोडली असं होईल. सिस्कोवर सुरू करायच्या आधी 'रीलोड इन १०' द्या, काही चुकलं तर दहा मिनिटांनी सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग घेऊन स्वतः उठेल, आणि सगळं नीट झालं की 'रीलोड कॅन्सल' करायला विसरू नका. मायक्रोटिकवर सेफ मोड चालू करा, कनेक्शन तुटलं तर तो बदल मागे घेतो.

आधी लांबचं टोक बदला, मग जवळचं. मधल्या काही मिनिटात एक टोक नंबरवालं आणि एक अननंबर्ड असणार, वर सांगितलेला फुल-पण-रूट-नाही प्रकार दिसेल, दोन्ही टोकं झाली की जाईल. नेबर फुल, पलीकडचा लूपबॅक योग्य पोर्टवरून, मोठ्या पॅकेटचा पिंग, एवढं बघून मग कॉस्ट पूर्ववत करा आणि सेव्ह करा.

त्यानंतर एक टेस्ट करायचीच, फायबर खरोखर काढून. पोर्ट शट करून नाही, मीडिया कन्व्हर्टरच्या पलीकडचा पॅच कॉर्ड काढून, म्हंजे राउटरचा लाइट चालू राहील. आर१ वरून आर२ चा लूपबॅक ४० सेकंदांनंतर लागला पाहिजे. लागला नाही तर कुठेतरी कनेक्टेड रूट बसलाय.

आयपीव्ही६ चालवत असाल तर तिथे हे आधीच घडलेलं आहे, प्रत्येक पोर्टला एफई८० चा लिंक-लोकल पत्ता आपोआप असतो आणि ओएसपीएफ३ त्याच्यावरच चालतो, लिंकना ग्लोबल पत्ता द्यायलाच हवा असं नाही. डेटा सेंटरवाले तर याच लिंक-लोकलवरून बीजीपी करून त्यात आयपीव्ही४ चे रूट पण पाठवतात, २००९ च्या आरएफसी ५५४९ ने ते सुरू झालं आणि २०२० मधे त्याची जागा ८९५० ने घेतली. एफआरआरमधे ते एका ओळीत होतं, नेबरच्या जागी आयपीऐवजी पोर्टचं नाव लिहायचं.

शेवटी ती एक्सेल शीट. स्लॅश ३० चे रकाने काढून टाका आणि लिंकनिहाय नवीन रकाने करा: इकडचा राउटर आणि पोर्ट, तिकडचा राउटर आणि पोर्ट, फायबरचा कोअर नंबर, एसएफपीचा प्रकार. मोकळ्या झालेल्या ब्लॉकपुढे तारीख टाका आणि महिनाभर तो कुणाला देऊ नका, जुना एखादा फायरवॉलचा नियम किंवा मॉनिटरिंगची नोंद त्या आयपीवर अजून अडकलेली असते, ती या महिन्यात सापडते.